खिंडसीचा काठ नेमका कुठे आहे?

मागच्या मे महिन्यात पुतण्याला घेऊन रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर गेलो होतो. त्याने हा तलाव याआधी एकदाच, दिवाळीच्या सुट्टीत पाहिलेला होता, आणि तेव्हा ज्या झाडाखाली बसून आम्ही डबा खाल्ला होता त्या झाडापासून पाणी चार पावलांवर होते. या वेळी झाड जागेवर होते, पण पाणी नव्हते. झाडापासून पुढे भेगाळलेल्या राखाडी गाळाचे मोठे पटांगण पसरले होते, त्यावर शिंपल्यांचा चुरा आणि वाळलेल्या पाणवनस्पतींच्या दोऱ्या पडल्या होत्या, आणि उतारावर जिन्याच्या पायऱ्यांसारख्या बारीक बारीक रेषा एकीखाली एक उमटलेल्या होत्या. पुतण्याने विचारले, "काका, तलाव इथून गेला कुठे?" मी म्हटले, "गेला नाही, खाली उतरला." एवढ्याने त्याचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर एवढ्याने कोणाचेही होऊ नये, म्हणून हा लेख.

आपल्याकडच्या मोठ्या तलावाबद्दल समजून घ्यायची पहिली गोष्ट ही की त्याचा काठ ही ठरलेली रेषा नसते. नकाशावर निळा आकार काढलेला असतो आणि त्याला कड असते, त्यामुळे तलाव म्हणजे जमिनीवर ठेवलेली थाळी असा आपला समज होतो. प्रत्यक्षात तो दर वर्षी वर चढतो आणि खाली उतरतो, आणि नौकाविहार, मासेमारी, पक्षी, शेती, पूर असे त्याच्याशी जोडलेले जे जे काही आहे ते या चढउताराच्या वेळापत्रकावर चालते.

हे असे का होते, याचे उत्तर तलाव मुळात कसा झाला यात आहे. जगात नैसर्गिक तलाव होतात ते हिमनद्यांनी खोदलेल्या खळग्यांत, जमीन खचून झालेल्या दऱ्यांत, ज्वालामुखीच्या मुखांत किंवा लोणारसारखे उल्कापाताच्या विवरात. विदर्भाच्या जमिनीवर हिमनद्या फिरल्याचा काळ फार मागे गेला आणि त्यानंतर नद्यांना उतार कोरून पाणी वाहून न्यायला इतका अवधी मिळाला, की पाणी साठून राहील असे खोलगट जवळजवळ उरलेच नाहीत. त्यामुळे नागपूर शहरातले आणि जिल्ह्यातले जे तलाव आपण रोज पाहतो ते माणसाने पाळ घालून अडवलेले आहेत. अंबाझरी, फुटाळा, गांधीसागर, गोरेवाडा, खिंडसी, तोतलाडोह यांपैकी एकही अपवाद नाही.

नैसर्गिक तलाव इथे कधी नव्हतेच, असे मात्र नाही. ते होते, पण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. दख्खनचा काळा पाषाण ज्या लाव्ह्यापासून झाला तो एकाच दमात वाहिला नाही. एक थर थंड झाल्यावर पुढचा थर येईपर्यंत मध्ये बराच काळ जाई, आणि त्या काळात लाव्ह्याच्या खाचखळग्यांत गोड्या पाण्याचे तलाव साचत. त्या तलावांतला गाळ आणि त्यात राहणाऱ्या गोगलगाईंचे शंख पुढच्या लाव्ह्याखाली दबून दगड झाले. हे दगड नागपूरच्या टाकळी भागात सापडले, आणि त्यांचा अभ्यास करून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लिहिणारे स्टीफन हिस्लॉप हे तेच, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय शहरात आहे. १८६३ साली टाकळघाट भागातली शिळावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. आपल्या भागातला ओढा पावसाळ्यात किती वेगाने रूप पालटतो, हे यातून कळते, आणि पुढे अंबाझरीकडे आल्यावर ते पुन्हा आठवावे लागेल.

नागपूर दोन प्रकारच्या जमिनींच्या सांध्यावर वसलेले आहे. पश्चिमेला लाव्ह्याचा काळा दगड आणि त्यावरची काळी माती, तर पूर्वेला व ईशान्येला, म्हणजे रामटेक, मौदा, भंडाऱ्याच्या दिशेला, त्याहून कितीतरी जुने स्फटिकमय खडक आणि मधून मधून टेकड्या. टेकड्यांच्या मधली अरुंद फट पाळ घालून बुजवली की मागे मोठा विस्तार आपोआप भरतो, हे या पूर्वेकडच्या लोकांना फार आधीपासून माहीत होते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर भागांत कोहळी समाजाने बांधलेले हजारो तलाव आहेत. १९५०-५१ मध्ये मालगुजारी ही जमीनदारीसारखी पद्धत संपली आणि हे तलाव 'माजी मालगुजारी' झाले, ज्याचे सरकारी कागदांतले आणि लोकांच्या तोंडचे लाडके रूप म्हणजे 'मामा तलाव'. खिंडसी हा त्याच कल्पनेचा मोठा, इंग्रजी अमदानीतला अवतार म्हणता येईल. नाव ऐकताच मराठी माणसाला खिंड आठवते, आणि सूर नदीवरची ती पाळ पाहिली की आठवण बरोबरच वाटते. नागपूरपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या रामटेकला गडमंदिर पाहून मग तलावाकडे वळणाऱ्याला तलावही देवळाइतकाच पुरातन वाटतो, पण हे मातीचे धरण १९१३ सालचे आहे आणि ते सहलीसाठी नव्हे तर धानाच्या शेतीला पाणी देण्यासाठी बांधलेले आहे. इथल्या नावा पाण्यावर चालतात, पण ते पाणी मुळात शेतकऱ्याचे आहे. ते कालव्यात सोडले की काठ खाली जाणारच.

आता पाण्याचा हिशेब पाहू. वर्तमानपत्रांत जलसाठा 'दलघमी'मध्ये छापतात, म्हणजे दशलक्ष घनमीटर. एक दलघमी म्हणजे शंभर कोटी लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर एक लाख टँकर. खिंडसीची क्षमता शंभर दलघमीच्या थोडी वर आहे, आणि पेंच नदीवरच्या तोतलाडोहाची, ज्याच्यावर नागपूरचे नळ अवलंबून आहेत, त्याच्या सुमारे दहापट. पाऊस मोजण्याचा मिलिमीटर आणि तलाव मोजण्याचा दलघमी यांना जोडणारी एक सोपी किल्ली आहे: एक चौरस किलोमीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा लाख लिटर पाणी पडले. ही किल्ली हाताशी ठेवली की पुढच्या बऱ्याच गोष्टी पाटीवर मांडून पाहता येतात.

पडलेले सगळे पाणी तलावात येत नाही. जून महिन्यातला पहिला पाऊस तापलेली जमीन आणि भेगा पडलेली काळी माती पिऊन टाकते, म्हणून मृग बरसला तरी तलाव हलत नाही आणि लोक म्हणतात की पाऊस झाला पण साठा वाढला नाही. माती भिजून ओली झाली, की त्यानंतरचा पाऊस उतारावरून धावतो, आणि मग जुलै-ऑगस्टमधल्या दोन-चार दिवसांच्या झडीत जेवढे पाणी येते तेवढे आधीच्या महिनाभरात आलेले नसते. सप्टेंबरअखेर तलाव तुडुंब असतो. त्यानंतर आठ-नऊ महिने येणे जवळजवळ शून्य आणि जाणे मात्र तीन वाटांनी चालू राहते: कालव्यातून, तळातून झिरपून, आणि आकाशात.

ही तिसरी वाट लोक विसरतात. नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीच्या आसपास असताना आणि कोरडा वारा वाहत असताना, उघड्या पाण्याचा रोज एक सेंटिमीटरच्या आसपास थर वाफ होऊन उडून जातो. एक सेंटिमीटर म्हणजे दहा मिलिमीटर, म्हणजे वरच्या किल्लीने दर चौरस किलोमीटरमागे रोज एक कोटी लिटर, म्हणजे एक हजार टँकर. कोणी एक थेंब उपसला नाही तरी एवढे पाणी दिवस मावळेपर्यंत गेलेले असते. गाळावर दिसलेल्या त्या पायऱ्यांसारख्या रेषा याच उतरणीच्या खुणा होत्या. पाणी काही दिवस एका पातळीवर रेंगाळले की लाटा तिथे बारीक कड कोरतात, आणि पाणी खाली गेले की कड मागे उरते. वाचता आली तर ती तलावाची रोजनिशीच आहे.

पाणी खाली उतरले की काठ किती मागे सरकतो, हे उतारावर अवलंबून असते, आणि मला या सगळ्या विषयातली सर्वांत रंजक गोष्ट हीच वाटते. समजा पातळी तीन मीटर उतरली. जिथे जमीन दोन मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खाली जाते अशा टेकडीच्या बाजूला काठ सहा मीटर सरकेल, म्हणजे एका खोलीच्या रुंदीपेक्षा थोडे जास्त. पण जिथे शंभर मीटर चालल्यावर एक मीटरचा उतार लागतो अशा सपाट बाजूला तोच काठ तीनशे मीटर दूर जाईल. पाणी तेच, उतरणे तेवढेच, पण एका बाजूला तलाव जागेवर आणि दुसऱ्या बाजूला गायब. आमचे झाड सपाट बाजूला होते, एवढीच गोष्ट. नावांचा धक्का खोल बाजूला ठेवतात आणि तरीही उन्हाळ्यात तो पाण्यामागे खाली सरकवावा लागतो, याचेही कारण हेच.

याच आकारामुळे साठ्याची टक्केवारी फसवते. तलाव वर पसरट आणि खाली निमुळता असतो, त्यामुळे वरच्या एका मीटरमध्ये जेवढे पाणी मावते तेवढे तळाजवळच्या एका मीटरमध्ये मावत नाही. निव्वळ शंकूसारखा आकार धरला तर निम्मे पाणी संपते तेव्हाही खोली मूळच्या सुमारे ७९ टक्के उरलेली असते. म्हणजे 'साठा निम्म्यावर' असे वाचून जो पाण्यात उतरतो, त्याच्या पायाखाली निम्मी नव्हे तर जवळपास पूर्वीइतकीच खोली असू शकते. अगदी तळाशी जो भाग कालव्याच्या तोंडाच्याही खाली असतो त्याला मृतसाठा म्हणतात. नाव भयंकर असले तरी मासे उन्हाळा काढतात ते बरेचदा त्याच्याच आधाराने.

सपाट बाजूचा उघडा पडलेला गाळ वाया जात नाही. विदर्भातल्या अनेक जलाशयांत या जमिनीला गाळपेर म्हणतात आणि ती एका हंगामापुरती कसायला दिली जाते. पाणी उतरेल तसतसे टरबूज, काकडी आणि कधी हरभरा त्याच्या मागोमाग उताराने खाली लावत नेतात. ढिवर समाजाचे मासेमार, ज्यांच्या संस्था तलाव ठेक्याने घेऊन रोहू, कतला, मृगळ यांचे बीज सोडतात, त्यांच्यासाठी उतरते पाणी म्हणजे जाळ्याचा हंगाम, कारण मासे कमी जागेत येतात. हिवाळ्यात तीच उथळ, चिखलाची बाजू पाहुण्या पक्ष्यांची असते. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब आणि चक्रवाक बदके खोल पाण्याच्या मध्यावर शोधू नयेत. त्यांना गुडघाभर पाणी, ओला गाळ आणि शेजारी हिरवे शेत लागते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दुर्बीण घेऊन जाणाऱ्याने म्हणून धक्क्याच्या विरुद्ध बाजूला जावे, आणि नावेत बसायचे असलेल्याने धक्क्यावर. एकाच तलावाचे हे दोन किनारे दोन वेगळ्या गावांसारखे असतात.

नौकाविहाराबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण खिंडसीला येणारी बहुतेक मंडळी त्यासाठीच येतात. पाण्यावर लाट किती उठेल हे तीन गोष्टींवर ठरते: वाऱ्याचा जोर, तो किती वेळ टिकला, आणि त्याला पाण्यावरून किती लांब मोकळी धाव मिळाली. शहरातल्या तळ्यात वाऱ्याला धाव मिळत नाही, म्हणून तिथे पायडलची नाव झुलते एवढेच. काही किलोमीटर लांबीच्या जलाशयात मात्र तोच वारा पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत चांगली लाट उभी करतो, आणि जी नाव निघताना शांत पाण्यात होती ती मध्यावर हेलकावते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर ढग भरून येतात, पाऊस पडण्याआधी ढगातून थंड हवेचा लोट खाली आदळून चौफेर धावतो, आणि पाच मिनिटांत सगळे बदलते. उन्हाळ्यात सकाळची फेरी घ्यावी असे मी सांगतो ते उन्हामुळे नव्हे, या वाऱ्यामुळे.

नाव उलटते ती बहुतेक वेळा वाऱ्याने नाही, माणसांनी. सगळे एका कडेला जमले, कोणी उभे राहिले, की वजनाचा मध्य वर आणि बाजूला सरकतो आणि नावेला स्वतःला सावरायला जागा उरत नाही. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात सहलीला गेलेल्या तरुणांची नाव उलटून अनेकांचा जीव गेला. पोहता येणाऱ्यानेही जीवरक्षक जाकीट घालावे याचे एक कारण पाण्याच्या आत दडलेले आहे. उन्हाळ्यात तलावाचे वरचे पाणी तापते आणि हलके होऊन वरच राहते, खालचे थंड आणि जड पाणी खालीच बसते, आणि दोन्ही सहजी मिसळत नाहीत. पोहणाऱ्याच्या छातीला कोमट आणि पायांना अचानक गार लागते ते यामुळे. त्यातच तळाशी गाळ, आणि पाळ बांधताना माती उचलल्याने राहिलेले खड्डे.

हेच थर माशांच्या जिवावरही उठतात. वरचे पाणी हवेतून प्राणवायू घेते, तळाच्या थराला तो मिळत नाही, आणि तिथे कुजणारा गाळ असलेला प्राणवायूही संपवतो. खोल, स्वच्छ जलाशयात हिवाळ्यात वरचे पाणी थंड होऊन खाली जाते आणि सगळे पाणी एकदा ढवळून निघते. शहरातल्या उथळ तळ्यांत सांडपाण्याच्या खतावर शेवाळ माजते; ते दिवसा प्राणवायू सोडते पण रात्री स्वतःच वापरते, म्हणून मासे मेलेले दिसतात ते पहाटे. बंद काचेसारखे हिरवे पाणी दिसले की त्याला 'छान हिरवेगार' म्हणण्याची आपली सवय मला नेहमी अस्वस्थ करते.

शहराचा विषय निघालाच आहे, तर अंबाझरीकडे येऊ. इंग्रजी अमदानीत, १८७० साली, शहराला पाणी देण्यासाठी बांधलेला हा तलाव आज फिरायला येणाऱ्यांचा आहे. शेजारी १९५८ पासूनची बाग आहे आणि तलावातून सुटलेले पाणी नाग नदीने शहरातून पूर्वेकडे जात कन्हान, मग वैनगंगा आणि शेवटी गोसीखुर्दच्या जलाशयात पोचते. खिंडसीचा काठ हलतो आणि त्याला हलायला मोकळी जमीन आहे. अंबाझरीच्या सभोवती वस्ती आहे, म्हणून इथे काठ हलूच नये अशी आपली अपेक्षा असते. वर्षभर भरलेला तलाव डोळ्यांना सुंदर दिसतो, पण भरलेल्या तलावात नवे पाणी ठेवायला जागा नसते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. आपल्या किल्लीने, दर चौरस किलोमीटरमागे दहा कोटी लिटर. पावसाळा संपत आलेला, माती आधीच भिजलेली आणि तलाव काठोकाठ होता, त्यामुळे आलेले पाणी थांबण्याऐवजी सांडव्यावरून, म्हणजे जास्तीचे पाणी बाहेर जाण्याच्या वाटेवरून, पुढे निघाले.

सांडव्याचे गणित साधे दिसते पण साधे नाही. सांडव्यावरून वाहणाऱ्या पाण्याची उंची दुप्पट झाली तर प्रवाह दुप्पट होत नाही, सुमारे २.८ पट होतो, कारण पाण्याचा थरही जाड होतो आणि वेगही वाढतो. म्हणजे वीतभर पाणी वाहत असताना जो ओढा निमूट असतो, तो दोन वीत झाल्यावर जवळजवळ तिप्पट पाणी घेऊन येतो, आणि पुढची नदी कुठे अरुंद असेल, कुठे पूल ठेंगणा असेल, कुठे पात्रात बांधकाम असेल, तर तिथे ते चढते. त्या पहाटे सांडव्याखालच्या वस्त्यांत लोक अंथरुणातून उठले ते पाण्यात. पुढे सांडव्याजवळचे आणि नदीपात्रातले अडथळे हा विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. माझे मत विचाराल तर ऑगस्टनंतर तलाव थोडा रिकामा ठेवणे हे त्याच्या सौंदर्याविरुद्ध नाही. रिकामी जागा हाही तलावाचाच भाग आहे.

फुटाळ्यातल्या कारंजांचा आणि काठावरच्या बांधकामांचा वाद ज्यांनी वाचला असेल त्यांना कायद्याची बाजू ठाऊक असेल. २०१७ च्या पाणथळ जागांविषयीच्या केंद्रीय नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी आणि मनोरंजनासाठी मुद्दाम बांधलेली तळी वगळलेली आहेत, आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटाळा हा या अर्थाने पाणथळ जागा नसल्याचे मान्य करतानाच, मानवनिर्मित जलाशयही लोकांच्या विश्वासाने राखायची ठेव असतात असे म्हटले. आपले सगळेच तलाव बांधलेले आहेत हे आधी आलेच आहे, त्यामुळे हा भेद इथे किती महत्त्वाचा ठरतो ते वेगळे सांगायला नको. बदकांना अर्थात तो कळत नाही.

खिंडसीला आता कधी जावे, असे पुतण्याने परतताना विचारले. भरलेले पाणी पाहायचे तर ऑक्टोबर, पक्षी पाहायचे तर जानेवारी, आणि तलाव आतून कसा आहे ते पाहायचे तर मे, असे मी त्याला सांगितले. मग त्याने एक उद्योग केला: झाडापासून पाण्यापर्यंतचे अंतर पावलांनी मोजले. दोनशे चौदा पावले भरली. पाण्याच्या कडेला त्याने बाभळीची एक काडी रोवली आणि आम्ही चहा पिऊन तासाभराने आलो तर काडी होती तिथेच, पण तिच्या पुढ्यात बोटभर ओला गाळ उघडा झाला होता. ऑक्टोबरात पुन्हा जायचे आणि पावले मोजायची, असे आमचे ठरले आहे. काडी तेव्हा कुठेतरी खोल पाण्यात असेल.